ऑस्ट्रेलियात सुतारकाम शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये मी घरबांधणीच्या साइटवर सुतार आहे. सांगली, नाशिक, अहिल्यानगर, सिंधुदुर्ग इथून मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. व्हिसाची फी आणि अटी बहुतेक वेळा १ जुलैला बदलतात, कारण ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी आकडे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

१. 'सर्टिफिकेट थ्री इन कार्पेंट्री' म्हणजे नक्की काय? ही पदवी आहे का?

पदवी नाही. ऑस्ट्रेलियात सुतार म्हणून मान्यता मिळवण्याची ही मूळ पात्रता आहे. तिचा सध्याचा कोड सीपीसी ३०२२०. एकूण ३४ युनिट असतात, त्यांतली २७ सक्तीची आणि ७ निवडीची. टक्केवारी किंवा श्रेणी नसते. प्रत्येक युनिटमध्ये काम 'जमतं' किंवा 'अजून जमत नाही' एवढाच निकाल लागतो. 'अजून जमत नाही' आलं तर तेवढं काम पुन्हा करून दाखवायचं.

याच्या पुढे 'सर्टिफिकेट फोर' आणि 'डिप्लोमा ऑफ बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन' असतात. त्यांत नकाशे वाचणं, अंदाजपत्रक, साइट सांभाळणं असे विषय येतात. हत्यार हातात धरायला शिकवते ती सर्टिफिकेट थ्रीच. नुसता डिप्लोमा करून सुतार होता येत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

२. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी आहे. मला रंधा, पटाशी, करवत सगळं येतं. मग तिथे नवीन काय शिकणार?

बरंच काही. हाताला लाकडाची सवय आहे ही मोठी जमेची बाजू. पण आपल्याकडे आज सुतारकाम म्हणजे मुख्यतः दारं-खिडक्या, फर्निचर, प्लायवूड आणि सनमायका. घराचा सांगाडा सिमेंट-काँक्रीटचा असतो. ऑस्ट्रेलियात साध्या बैठ्या किंवा दुमजली घराचा सांगाडाच लाकडाचा असतो आणि तो सुतार उभा करतो. ज्यांनी कोकणात कौलारू घराचं आढं, वासे आणि रीपा चढवलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना छपराचं काम लवकर कळतं. लाकूड मात्र सागवान नसतं. बहुतेक लागवडीचं पाइन असतं आणि वाळवी लागू नये म्हणून त्यावर बऱ्याचदा प्रक्रिया केलेली असते.

पहिल्या आठवड्यांतलं एक काम सांगतो. भिंतीची खालची आणि वरची पट्टी, म्हणजे बॉटम प्लेट आणि टॉप प्लेट, शेजारी शेजारी ठेवतात आणि दोन्हींवर एकदमच खुणा करतात. उभे दांडे, म्हणजे स्टड, मध्यापासून मध्यापर्यंत ४५० मिलिमीटरवर हवे असतील आणि स्टडची जाडी ४५ असेल, तर पहिल्या खुणा ४२७.५ आणि ४७२.५ वर येतात. त्या दोन रेघांमध्ये फुली मारायची, म्हणजे दांडा रेघेच्या कोणत्या बाजूला बसणार हे कोणालाही कळतं. फुली चुकीच्या बाजूला पडली तर दांडा ४५ मिलिमीटर सरकतो आणि पुढे प्लास्टरबोर्डचा सांधा लाकडावर न येता पोकळीत येतो. अनुभवी मुलंही इथे चुकतात, कारण आपल्याकडे 'जागेवर बघून घेऊ' ही सवय असते. इथे आधी आखणी, मग कापणी. मापं सगळी मिलिमीटरमध्ये, फूट-इंच अजिबात नाही. लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी एएस १६८४ नावाचं मानक आहे. कोणत्या अंतरासाठी केवढी तुळई घ्यायची, हे त्याच्या तक्त्यात पाहायला शिकवतात.

३. स्थानिक मुलांसारखी अप्रेंटिसशिप मिळते का?

साधारणपणे नाही. स्थानिक मुलं मालकाकडे नोकरी करत तीन-चार वर्षांत हीच पात्रता घेतात. त्यांना शिकताना पगार मिळतो आणि सरकारी मदतही असते. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा फी भरून संस्थेत शिकतो. प्रमाणपत्र दोघांचं एकच, पण स्थानिक मुलाच्या हाताखालून हजारो तासांचं खरं काम गेलेलं असतं. हा फरक आपल्या मुलांना स्वतः भरून काढावा लागतो. प्रश्न ७ आणि ९ त्यासाठीच लांबलचक लिहिले आहेत.

४. प्रवेशाला काय लागतं?

वयाची १८ वर्षं पूर्ण असावीत असं बहुतेक संस्था म्हणतात. शिक्षण दहावी पुरतं की बारावी लागते, हे संस्थेवर अवलंबून आहे. विद्यार्थी व्हिसासाठी, म्हणजे सबक्लास ५०० साठी, थेट कोर्सला जायचं तर आयईएलटीएसमध्ये एकूण ६.० लागतात. ही अट २३ मार्च २०२४ पासून वाढली. त्याआधी ५.५ पुरत असत. गुण कमी असतील तर आधी इंग्रजीचा कोर्स जोडता येतो, पण त्याचे आठवडे पुढच्या हिशोबात धरत नाहीत (प्रश्न १०).

साइटवर पाय ठेवण्याआधी 'व्हाइट कार्ड' लागतं. सुरक्षेचं हे छोटं प्रशिक्षण आहे आणि ते तिथे गेल्यावरच घ्यायचं असतं.

५. मी बी.कॉम. आहे. खालच्या पातळीचं शिक्षण घेतोय म्हणून व्हिसा नाकारतील का?

फक्त तेवढ्यावरून नाकारतात असं नाही, पण प्रश्न नक्की विचारतात. मार्च २०२४ पासून 'जेन्युइन स्टुडंट' ही कसोटी आहे. अर्जातच ठरलेल्या प्रश्नांना प्रत्येकी १५० शब्दांत उत्तरं द्यायची असतात: तुमची सध्याची परिस्थिती, हाच कोर्स का, ऑस्ट्रेलियाच का, याचा पुढे उपयोग काय.

बी.कॉम. झालेल्या, मामाच्या फर्निचरच्या कारखान्यात हिशोब बघणाऱ्या आणि आता उत्पादनाची बाजू शिकू पाहणाऱ्या मुलाने ते साध्या शब्दांत लिहावं आणि कारखान्याचे कागद जोडावेत. एजंटकडून आलेला तयार मजकूर शेकडो अर्जांत तसाच्या तसा असतो. तो देऊ नका. आणि आयुष्यात कधी करवत धरली नसेल, तर अर्जाआधी दोन-तीन महिने एखाद्या सुताराकडे रोज जा. व्हिसाच्या कागदांपेक्षाही, हे काम आपल्याला झेपतं का हे त्यातून तुम्हालाच कळेल. उन्हात छपरावर आठ तास उभं राहणं सगळ्यांना मानवत नाही.

६. एकूण खर्च किती?

व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १० मे २०२४ पासूनचा. कोर्सची फी, विमान प्रवास आणि पूर्ण मुदतीचा आरोग्य विमा वेगळा.

फीची तुलना करताना संस्थेला लेखी विचारा: लाकूड आणि इतर साहित्याचे पैसे वेगळे आहेत का? हत्यारांचा संच मिळतो की विकत घ्यायचा? सुरक्षेचे बूट आणि हेल्मेट कोणाचे? ऑफर लेटरमधला मोठा आकडा सगळे वाचतात, पण 'मटेरियल फी'ची ओळ बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

शेती किंवा घर गहाण ठेवून येणाऱ्या कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलगा पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवेल असा हिशोब करू नका.

७. कॉलेज कसं निवडायचं? एजंट म्हणतो सगळी सारखीच असतात.

सारखी अजिबात नसतात. सगळ्यात जास्त वेळ याच निर्णयाला द्या.

आधी कागद. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी संस्था आणि तो कोर्स, दोन्ही 'क्रिकोस' या सरकारी नोंदणीत असावे लागतात. ही नोंदणी ऑनलाइन कोणालाही पाहता येते, आणि कोर्स किती आठवड्यांचा नोंदवलाय हेही तिथेच दिसतं. टेफ, म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्था, महाग असतात, पण त्यांच्या कार्यशाळा सहसा चांगल्या असतात. खासगी संस्थांमध्ये उत्तम आहेत तशाच नावापुरत्याही आहेत.

मग कार्यशाळा. व्हिडिओ कॉलवर कार्यशाळा दाखवायला सांगा. नुसते फोटो मागू नका. मुलं पूर्ण उंचीची भिंत आणि खरं छप्पर उभं करतात का, की टेबलावर ठेवायची छोटी प्रतिकृती बनवतात? एका शिक्षकामागे किती मुलं? आठवड्यातले किती दिवस कार्यशाळेत आणि किती वर्गात? विद्यार्थी व्हिसावरच्या ट्रेड कोर्सला आठवड्याला २० तासांचं वेळापत्रक असतं आणि एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग ऑनलाइन ठेवता येत नाही. 'आठवड्यातून एकच दिवस या, बाकी आम्ही बघून घेऊ' असं कोणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका. एएसक्यूए या नियामकाने २०२४ च्या अखेरीपासून काही संस्थांची नोंदणी काढली आणि त्यांनी दिलेली हजारो प्रमाणपत्रं रद्द केली. खरं शिक्षण आणि परीक्षा न घेता वाटलेला कागद असा एका पत्राने रद्दी होऊ शकतो.

शेवटी, तिथे शिकून गेलेल्या दोन मुलांशी बोला, आणि ती मुलं एजंटने दिलेली नसावीत. त्यांना एकच विचारा: 'आज तू सुतार म्हणून काम करतोस का?'

८. शिकताना किती तास काम करता येतं?

कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, अधिकृत सुट्टीत मर्यादा नाही. कोर्स सुरू होण्याआधी एक तासही काम चालत नाही.

पंधरवड्याचा हिशोब मात्र बऱ्याच जणांचा चुकतो. कोणत्याही सोमवारी सुरू होणारे सलग १४ दिवस म्हणजे एक पंधरवडा. समजा पहिल्या आठवड्यात २० तास, दुसऱ्यात २८, तिसऱ्यात २५ केले. पहिला-दुसरा मिळून ४८, ठीक. दुसरा-तिसरा मिळून ५३, म्हणजे नियम मोडला. कोर्सचा भाग म्हणून क्रिकोसमध्ये नोंदलेलं कार्यस्थळ प्रशिक्षण या ४८ तासांत मोजत नाहीत.

९. ते ३६० तासांचं काय प्रकरण आहे?

कोर्स संपल्यावर 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' या सरकारी यंत्रणेकडून प्राथमिक कौशल्य मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यासाठी प्रमाणपत्राबरोबर सुतारकामाच्या किमान ३६० तासांचा पुरावा लागतो. हे तास पगारी नोकरीचे चालतात, किंवा संस्थेने लावून दिलेल्या प्रशिक्षणाचे चालतात.

४८ तासांच्या मर्यादेत ३६० तास सहज बसतात. प्रश्न असतो तो काम कोणतं आणि पुरावा कसला, याचा. पिझ्झा पोचवणं किंवा गोदामात खोकी उचलणं यात धरत नाहीत. साइटवर नुसती झाडलोट केली तर तेही सुतारकाम नाही. कॉलेजला प्रवेशाआधीच विचारा की हे तास तुम्ही मिळवून देता का, आणि उत्तर लेखी घ्या. 'मदत करू' आणि 'देऊ' यांत फार अंतर आहे.

काम मिळवायची रीत अशी. इथे साइट सकाळी सातला सुरू होते. छोट्या बिल्डरला फोन करून एक दिवसाची चाचणी मागायची. बूट, व्हाइट कार्ड, हातोडी, टेप, चॉकलाइन आणि गुण्या घेऊन पावणेसातला उभं राहायचं. त्या दिवशी मुकादम तुमच्या हातातल्या प्रमाणपत्रापेक्षा बरंच वेगळं बघतो: माप सांगितल्यावर परत म्हणून दाखवता का, कापून झाल्यावर तुकडे बाजूला करता का, कळलं नाही तर विचारता का. आपली मुलं 'हो हो' म्हणून मोकळी होतात आणि चुकीचं कापून आणतात. एकदा जास्त विचारलेलं चालतं. लाकूड वाया गेलेलं चालत नाही.

पगाराच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी आणि काम करतानाचे फोटो पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये ठेवा. मालकाचं पत्र नोकरी सोडतानाच घ्या. दोन वर्षांनी तो फोन उचलेलच असं नाही.

१०. ९२ आठवड्यांची अट कोणाला अडकवते?

कोर्स संपल्यावरच्या ४८५ व्हिसासाठी (प्रश्न ११) 'ऑस्ट्रेलियन स्टडी रिक्वायरमेंट' पूर्ण व्हावी लागते. क्रिकोसमध्ये नोंदलेले किमान ९२ आठवड्यांचे शिक्षण, आणि ते ऑस्ट्रेलियात राहून किमान १६ महिन्यांत केलेलं. सर्टिफिकेट थ्री ७० आठवड्यांचीच नोंदलेली असेल तर उरलेल्या आठवड्यांसाठी दुसरा कोर्स लागतो, आणि तोही सुतारकामाशी जवळचा हवा. इथेच मुलं अडकतात. स्वस्त पडतो म्हणून एजंट 'डिप्लोमा ऑफ लीडरशिप' जोडून देतो. त्याचे आठवडे सुतारकामाच्या हिशोबात येत नाहीत. बांधकामाचा डिप्लोमा जोडणं जास्त सुरक्षित. प्रवेशाच्या दिवशीच आठवड्यांची बेरीज कागदावर करा.

११. कोर्स संपल्यावर कोणता व्हिसा?

सबक्लास ४८५, 'पोस्ट-व्होकेशनल एज्युकेशन वर्क' शाखा. मुदत १८ महिन्यांपर्यंत. अर्जाच्या वेळी वय ३५ किंवा कमी. आयईएलटीएस एकूण ६.५, प्रत्येक भागात किमान ५.५, आणि परीक्षा अर्जाआधीच्या एका वर्षात दिलेली हवी. म्हणजे भारतातून येताना दिलेली परीक्षा इथे उपयोगाची नाही. कोर्स पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो आणि प्रश्न ९ मधल्या मूल्यमापनाचा अर्ज त्याआधी केलेला असावा लागतो.

१२. 'जॉब रेडी प्रोग्राम' म्हणजे काय? तो नाही केला तर?

विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या ट्रेडवाल्यांना कायमच्या व्हिसासाठी पूर्ण कौशल्य मूल्यमापन लागतं आणि ते या चार टप्प्यांतून मिळतं. पहिला टप्पा प्रश्न ९ मधलं प्राथमिक मूल्यमापन. दुसरा, किमान १२ महिन्यांत १,७२५ तासांची सुतारकामाची पगारी नोकरी. तिसऱ्या टप्प्यात मूल्यमापक साइटवर येतो आणि तुम्हाला काम करताना पाहतो. चौथा, अंतिम निकाल.

आता हिशोब बघा. व्हिसा १८ महिन्यांचा आणि नोकरीच १२ महिन्यांची. पहिले चार-पाच महिने काम शोधण्यात गेले तर सगळं अंगाशी येतं. म्हणून शिकत असतानाच असा मालक शोधा जो पुढे पूर्णवेळ ठेवेल. कोर्समध्ये ज्याने हात चालवला नाही त्याचा कागद पहिल्या टप्प्यात चालून जातो, पण तिसऱ्या टप्प्यात मूल्यमापक समोर उभा असताना दरवाजा बसवायचा असतो.

१३. कॉलेज आवडलं नाही तर बदलता येतं का?

मुख्य कोर्सचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत जुन्या संस्थेची परवानगी लागते. सर्टिफिकेट थ्री, फोर आणि डिप्लोमा असं पॅकेज घेतलं असेल तर मुख्य कोर्स म्हणजे सहसा शेवटचा, डिप्लोमा. सहा महिने तिथून मोजतात! म्हणजे दीड वर्ष शिकूनही परवानगी लागू शकते. हे सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

१४. मी आयटीआय (कार्पेंटर) केलंय, पाच वर्षांचा अनुभव आहे. काही युनिटमध्ये सूट मिळेल का?

आधीच्या शिक्षणाची दखल घेऊन संस्था सूट देऊ शकते. पण सूट घेतली की कोर्स आखूड होतो आणि ९२ आठवडे भरत नाहीत (प्रश्न १०). ४८५ चा विचार असेल तर सूट नाकारणंच शहाणपणाचं.

अनुभव बराच असेल तर विद्यार्थी म्हणून येण्याआधी दुसरा मार्ग तपासा. परदेशातल्या अनुभवी कारागिरांसाठी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाचं वेगळं मूल्यमापन आहे. ज्याला काम येतंच, त्याने शिकण्यासाठी लाखो रुपये भरावेत असं मला वाटत नाही.

१५. मालक रोख पैसे देतो, किंवा 'एबीएन काढ' म्हणतो. घेऊ का?

रोखीच्या कामाचा पुरावा उरत नाही, त्यामुळे ते तास प्रश्न ९ आणि १२ साठी वाया जातात. एबीएन हा धंद्याचा नोंदणी क्रमांक. तो काढला की तुम्ही कागदोपत्री स्वतंत्र ठेकेदार होता. वेळ, हत्यारं आणि काम सगळं मालक ठरवत असेल तर तुम्ही नोकरच आहात. तरीही एबीएनवर ठेवलं तर तो मालक सुट्टी, विमा आणि १२ टक्के सुपरॅन्युएशन (निवृत्तीसाठीचा निधी) वाचवतोय. अशा तक्रारी फेअर वर्क ऑम्बड्समनकडे करता येतात आणि किमान पगाराचा हक्क विद्यार्थी व्हिसावरही तेवढाच आहे.

१६. कामावर इजा झाली तर आरोग्य विमा पुरेल का?

विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा कामावरच्या अपघातासाठी नसतो. त्यासाठी मालकाचा कामगार विमा असतो. रोखीवर असाल तर ते सिद्ध करणं अवघड जातं, रोखी टाळायचं हे आणखी एक कारण.

एक धोका आपल्या मुलांना माहीतच नसतो. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आली. जुन्या घरांच्या भिंती, छपराच्या कडा आणि न्हाणीघरांत ते अजून आहे. दिसायला साधी सिमेंटची शीट. दुरुस्तीच्या कामात जुनी शीट कापायला सांगितली तर आधी विचारा आणि खात्री होईपर्यंत करवत लावू नका. 'घाबरतोस काय' म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका.

१७. मुलींना हे काम मिळतं का?

मिळतं. साइटवर मुली अजून कमी आहेत, पण आहेत, आणि चांगलं काम करतात. वजन उचलण्याची भीती अनेक आया विचारतात. जड तुळया एकट्याने उचलायच्याच नसतात, कोणीही.

१८. भारतातून हत्यारं आणू का?

आजोबांचा रंधा आणावासा वाटणं मी समजू शकतो, पण लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. माती किंवा किडीची भोकं दिसली तर अडवतात. विजेची हत्यारं आणू नका. साइटवर त्यांना तपासणीचा टॅग लागतो आणि बॅटरीची हत्यारं इथलीच सोयीची.

१९. नवरा किंवा बायकोला नेता येतं का?

येतं. वर्षाला १०,३९४ डॉलर जास्त दाखवावे लागतात. ट्रेड कोर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदारालाही पंधरवड्याला ४८ तासांचीच मर्यादा असते.

२०. एवढं केल्यावर पीआर मिळतोच ना?

नाही, हमी कोणीच देऊ शकत नाही. सुतार हा व्यवसाय कुशल व्यवसायांच्या यादीत आहे आणि मागणी खरी आहे. तरीही व्हिसाच्या गुणपद्धतीतले गुण, राज्याचं नामांकन किंवा मालकाचं प्रायोजकत्व यांतलं काहीतरी जुळावं लागतं. स्थलांतराच्या नियमांत पर्थ, अॅडलेड, होबार्ट हे 'प्रादेशिक' भाग धरतात. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन धरत नाहीत. शहर निवडताना हे लक्षात घ्या.

२१. पुढे स्वतःचा धंदा करता येईल का?

व्हिसा परवानगी देत असेल तर येईल, पण लायसन्स राज्यानुसार बदलतं. न्यू साउथ वेल्समध्ये ५,००० डॉलरच्या वरच्या घरगुती बांधकामाला लागतं, क्वीन्सलँडमध्ये ३,३०० च्या वर, व्हिक्टोरियात १०,००० च्या वर.

२२. कोर्स चालू असताना कॉलेजच बंद पडलं तर?

'ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस' ही सरकारी व्यवस्था दुसऱ्या संस्थेत जागा शोधून देते, किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत करते. पूर्ण झालेल्या युनिटचे दाखले मात्र हातात असले तर पुढची संस्था ती मान्य करते. म्हणून दर सत्राअखेर 'स्टेटमेंट ऑफ अटेनमेंट' मागून घ्या, आणि तुमच्या यूएसआय, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांकावर ती युनिट चढली आहेत का हे ऑनलाइन तपासा. चढली नसतील तर त्याच आठवड्यात कॉलेजला ईमेल करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही.